लाथाळ गाईची साक्ष

मावशीने फोनवर एवढंच सांगितलं, "ये, आणि लिहून दे की रोग पलीकडून आला."

मी गुरांची डॉक्टर आहे. लोक मला रोग काय आहे हे विचारायला बोलावतात. मावशीचा निकाल लागलेला होता, तिला फक्त माझी सही हवी होती. आता भाची म्हटल्यावर सहीला नाही कसं म्हणणार, असा तिचा साधा हिशेब.

मावशीच्या गोठ्यात पान मांडून जेवायला बसावं इतका तो स्वच्छ असतो. गाईसुद्धा शेण टाकताना जरा संकोचतात, असं मला नेहमी वाटतं. पूर्वी हा गोठा मोठा होता. काका आणि त्यांचा धाकटा भाऊ वेगळे झाले तेव्हा मधोमध भिंत आली. भिंतीत एक दार मात्र राहिलं. पलीकडचा अर्धा गोठा धाकट्या जावेचा. मावशी तिचं नाव कधी घेत नाही, 'पसारेबाई' म्हणते.

दाराशी नव्याकोऱ्या विटांचा ढीग रचलेला होता.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"दार बुजवायचंय. गवंडी उद्या सकाळी येतोय. तिच्या घाणीला माझ्या गोठ्यात यायची वाट नको."

काका कडबा तोडत होते. त्यांनी विटांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्या घरात बोलण्याचं खातं मावशीकडे आहे. काका दिवसभर गप्प असतात आणि संध्याकाळी त्या दारातून भावाकडे पत्ते खेळायला जातात. तेवढाच त्यांचा विरंगुळा. बाहेरून जायचं तर सगळ्या गल्लीला वळसा, आणि त्यांचे गुडघे आता असा वळसा घेणारे राहिले नव्हते. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"आधी गाई बघू," मी म्हटलं.

रोग ओळखायला वेळ लागला नाही. प्रत्येक गाईची पहिली धार काळ्या थाळीत घेतली की दुधातल्या गाठी पांढऱ्याशुभ्र दिसतात. कास गरम, सड कडक. कासदाह. मावशी एकेका गाईपाशी उभी राहून पसारेबाईच्या चुकांचा पाढा वाचत होती.

"मावशी, बरी कोणती आहे?"

"आजारी बघायला बोलावलंय तुला. बरीचं काय लोणचं घालायचंय?"

"आजारी गाय एवढंच सांगते की ती आजारी आहे. ती का आजारी पडली, हे कळायला शेजारची बरी गाय बघावी लागते."

मावशीने नाक मुरडलं. शिकून शिकून मुलगी वाया गेली, हे ती न बोलता फार चांगलं बोलते. "बरी म्हणशील तर ती एकटी लाथाळ. तिला काय होणार! रोगसुद्धा भितो तिला."

लाथाळ दाराला अगदी खेटून बांधलेली होती. पलीकडच्या माश्या सगळ्यात आधी तिच्याच अंगावर बसत. मी तिच्या कासेला हात लावला आणि लगेच दोन पावलं मागे आले. मग काका पुढे झाले, त्यांनी धार काढून दिली. थाळीत दूध स्वच्छ.

"आणि सगळ्यात आधी कोण आजारी पडलं?"

"ती कोपऱ्यातली पाहुणी. मागच्या बाजारातून आणलेली." मावशीने गोठ्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. "मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची."

म्हणजे रोग दारातून आत आला नव्हता. तो पाहुणीपाशी सुरू झाला होता आणि ओळीने दाराकडे निघाला होता. हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "दारातून येऊन उडी मारली असेल." मी हात टेकले आणि धारेच्या वेळेपर्यंत थांबले.

मावशीने सुरुवात पाहुणीपासून केली. "परक्या घरून आलीय बिचारी, तिला ताटकळत ठेवू नये." कोमट पाण्याची बादली, त्यात एक पांढरंशुभ्र फडकं. मावशीने पाहुणीची कास इतक्या मायेने पुसली, जणू तान्हं बाळच पुसतेय. फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि त्याच फडक्याने पुढची कास पुसली. मग तिच्या पुढची. मी फडक्यावर नजर ठेवून मागे मागे चालले.

दारापाशी काका लाथाळची धार काढायला बसले. ती मावशीला फडकं घेऊन जवळ येऊ देत नाही, म्हणून ती काकांच्या वाटणीला. काकांनी मगभर पाणी मारलं आणि कास सुकेपर्यंत तिच्याशी गप्पा मारल्या. घरात न बोललेलं सगळं ते तिथे बोलत असावेत.

धार झाल्यावर काका दारातून पलीकडे गेले. उंच उंबऱ्याला पाय अडकल्याचा आवाज आला. मावशीने मान वर केली नाही. मीही त्यांच्या मागोमाग गेले.

पसारेबाईंच्या गोठ्यात पाय कुठे ठेवावा हा प्रश्न होता. शेण कालचं, चिखल परवाचा, आणि जिकडे तिकडे पेपरचे बोळे. बाई धार काढायलाच बसल्या होत्या. त्यांनी पेपरचा तुकडा फाडला, कास पुसली, बोळा खाली टाकला. पुढच्या गाईला नवा तुकडा.

"फडकी धुवायचा कंटाळा येतो गं मला," त्या हसून म्हणाल्या.

मी त्यांच्या एकूणएक गाईची धार थाळीत घेतली. एकही गाठ नाही. "काकू, शेण तेवढं उचला, त्यानेही कासदाह होतो, वेगळ्या तऱ्हेचा," मी म्हटलं. त्या "उचलते हं" म्हणाल्या. उचलणार नव्हत्या.

परत आले तेव्हा मावशी फडकं उकळायला ठेवत होती.

"मावशी, रोग ह्या फडक्यातून गेला."

"रोज उकळते मी ते!"

"रोज उकळतेस. पण एका गाईपासून दुसरीपर्यंत नाही उकळत. पाहुणी येतानाच रोग घेऊन आली, आणि आपण तिला पहिला मान दिला. जिला जिला हे फडकं लागलं, ती आजारी. लाथाळने लावून घेतलं नाही, ती बरी. पलीकडे फडकंच नाही, दर गाईला पेपरचा नवा तुकडा, तिकडे सगळ्या बऱ्या."

"म्हणजे ती पसारा घालणारी शहाणी, आणि मी..."

ती विटांवर जाऊन बसली. मावशी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मला तिची दया आली आणि थोडी भीतीही वाटली.

"मी मायेने पुसत होते गं त्यांना," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे मला."

मी औषधं दिली. पाहुणीला वेगळं बांधायचं, आजारी गाईंची धार शेवटी काढायची, आणि दर गाईला नवं फडकं.

"एवढी फडकी कुठली?" मग बराच वेळ ती भांडं घासत राहिली. "कागद चालतो?"

"कोरडा, स्वच्छ, आणि एकदा पुसून टाकून द्यायचा. चालतो."

"आपल्याकडे पेपर येत नाही," मावशी म्हणाली, आणि तिने दाराकडे पाहिलं.

रात्री मी तिथेच राहिले. सकाळी गवंडी थापी घेऊन हजर झाला. काका लाथाळपाशी उभे राहून तिची पाठ खाजवत होते. मावशीने केस सारखे केले, उंबरा ओलांडला आणि ती पलीकडे गेली. वेगळे झाल्यापासून ती तिकडे गेलेली नव्हती. आम्ही इकडे कान देऊन उभे.

"अगंबाई, ताई! तुम्ही?"

"जुने पेपर आहेत?"

"आहेत की. किती हवेत?"

"गाई आहेत तितके." पलीकडून पेपर चाळल्याचा आवाज आला. "आणि रोज."

"मग रोज या," पसारेबाई म्हणाल्या.

मावशी पेपरचा गठ्ठा पोटाशी धरून परत आली. तिचे डोळे लाल झाले होते आणि चपलांना शेण लागलं होतं. तिने दोन्हींकडे लक्ष दिलं नाही.

"बाई, कुठून सुरू करू?" गवंड्याने विटांना हात घालत विचारलं.

"उंबऱ्याशी पायरी कर," मावशी म्हणाली. "हे रोज संध्याकाळी अडखळतात तिथे."

काकांचा हात लाथाळच्या पाठीवर तसाच राहिला. "तुला ऐकू येतं होय?"

"कान आहेत मला," मावशी म्हणाली आणि गवंड्याकडे वळली. "आणि ऐक रे, पलीकडूनही एक कर. तिलाही यायला लागेल."

काकांनी पहिली वीट स्वतः उचलून दिली.