आनंदरावांचं ऑटोमॅटिक

"दोन घड्याळं ठेव, आई. फार तर तीन. रोज घालायला तुला हात तरी किती आहेत?" मेघा म्हणाली.

इंदूबाई पलंगावर घड्याळं मांडून बसल्या होत्या. मेघा त्यांची एकुलती एक लेक, पुण्याहून आली होती ती आईला न्यायलाच. हुडकेश्वरचं घर बंद करायचं, घराची किल्ली शेजारच्या यमुताईंकडे द्यायची आणि शनिवारच्या गाडीनं निघायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मेघानं ठरवलं होतं. इंदूबाईंनी नुसती मान हलवली होती.

घड्याळं इंदूबाईंच्या नवऱ्याची, आनंदरावांची. कामठीच्या शाळेत विज्ञान शिकवून माणूस निवृत्त झाला. ना पानाचं व्यसन, ना पत्त्यांचं, शौक काय तो एवढाच. रोज संध्याकाळी उद्याचं घड्याळ निवडायचं आणि खिडकीत पाण्याच्या तांब्याशेजारी काढून ठेवायचं. त्यातही कायदे! परीक्षा असली की पांढऱ्या डायलचं, लग्नाला सोनेरी, जयंतीला निळं. बंद घड्याळ घरात ठेवू नये, असं लोक अपशकुनाच्या भीतीनं म्हणतात. आनंदराव म्हणायचे, अपशकुन गेला खड्ड्यात, आतलं तेल सुकते. त्यांच्यामागं इंदूबाईंनी तो नेम मोडला नाही. रोज एकेका घड्याळाला चावी देऊन त्या स्वतःच्या बारीक मनगटावर चढवायच्या. गल्लीतल्या बाया चिडवायच्या, "काकू, टाइम किती झाला वं?" चिडवोत बापड्या!

एका घड्याळाला मात्र त्यांनी मनगट लावलं नव्हतं. स्टीलच्या पट्ट्याचं ऑटोमॅटिक. त्याला चावी लागत नाही. घालणाऱ्याचा हात हलतो, तशी पोटातली चकती फिरते आणि ते चालतं. हातावरून उतरवलं की दीड-दोन दिवसांत गपगार. आनंदराव गेले तेव्हा हेच त्यांच्या हातावर होतं. आंघोळ घालताना कोणीतरी काढून इंदूबाईंच्या ओंजळीत ठेवलं, तर ते टिकटिकत होतं. माणूस थंडगार, आणि त्याच्याच हातानं दिलेली चाल घड्याळात शिल्लक! इंदूबाईंनी ते आलमारीत ठेवलं. उद्या-परवा थांबेल, तेव्हाच काय ते पोटभर रडू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

ते थांबलंच नाही. वर्ष होत आलं, ते चालतंच आहे.

आता हे सांगावं तरी कोणाला? आत्मा नाही, भूत नाही, श्राद्ध नाही, अशा घरातली बाई. कामठीच्या रस्त्यावरच्या एका चिंचेला पोरं भ्यायची, तर आनंदरावांनी अख्खा वर्ग त्याच चिंचेखाली डबा खायला बसवला होता. इंदूबाई आलमारीपुढं उभ्या राहून भांडायच्या, "जन्मभर भुतं नाहीत म्हणून सांगतलं, अन् आता हे काय लावलं हो तुम्ही?" आलमारीतून टिकटिक यायची.

शेवटी त्यांनी मेघाला सांगितलं. पोरगी भ्याली असती तर बरं झालं असतं. ती काळजीत पडली. "आई, तूच घालत असशील गं. तुझ्या ध्यानात राहत नसेल."

हे मात्र काळजात रुतलं. कारण तो संशय इंदूबाईंनाही होता. परवाच चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. घड्याळ आपणच घालत असू, तर आपलं डोकं गेलं. आणि वर्षभर घरात जो सोबतीला आहे असं वाटलं, तो कधी नव्हताच. म्हणजे नवरा दुसऱ्यांदा जाणार. यात कशाची भीती जास्त, हे त्यांना सांगता आलं नसतं.

मेघाही बापाचीच लेक. "प्रयोग करू," ती म्हणाली. आधी तिनं घड्याळ आईच्या हातात घालून पाहिलं. पट्टा थेट कोपरापर्यंत घसरला. मग ते आलमारीच्या लॉकरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या साखळीत अडकवली. "शनिवारी निघताना उघडू. बंद पडलेलं असेल. मग माझं ऐकायचं, पुण्यात डॉक्टरांकडे यायचं."

तो आठवडा इंदूबाईंनी कसा काढला, त्यांचं त्यांना ठाऊक. आलमारीजवळून जायच्या, कान लावावासा वाटायचा, आणि स्वतःचीच लाज वाटून त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या. चालू राहा गा बाप्पा, असं मन म्हणायचं.

शनिवारी सकाळी थंडी मरणाची होती. आलमारीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. मेघानं गळ्यातली किल्ली काढली, लॉकर उघडला, आत हात घातला आणि तशीच उभी राहिली.

"बंद आहे का वं?" इंदूबाईंनी विचारलं.

मेघानं घड्याळ पलंगावर टाकल्यासारखं ठेवलं. काटा फिरत होता. "आई, हे... हे गरम आहे." पुण्यात इतकी वर्षं घासून गुळगुळीत केलेली तिची भाषा एका क्षणात गळून पडली. "किल्ली तं मायाजवळच होती. आंघोळीले पण काढली नाई मी. मंग ही घडी कोणं घातली?"

इंदूबाईंनी ते उचलून ओंजळीत धरलं. खरंच गरम. कामठीहून घरी आले की हात धुवायच्या आधी आनंदराव काढून त्यांच्या हातात द्यायचे, तसंच. वर्षभर राखून ठेवलेलं रडणं मग एकदम आलं. डोकं शाबूत होतं. माणूस होता.

"रडू नको, माय," मेघा म्हणाली. "हीच ने तू. रोज हीच घाल. मी काई म्हणत नाई आता."

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. इंदूबाईंनी पांढऱ्या डायलचं घड्याळ हातात चढवलं, निळं पर्समध्ये टाकलं. मग तांब्या घासला, काठोकाठ पाणी भरून खिडकीत ठेवला, आणि त्याच्याशेजारी ऑटोमॅटिक, पट्टा नीट उलगडून.

"काहून, आई? ही नेत नाई?"

"मी नेली," पदरानं डोळे पुसत इंदूबाई म्हणाल्या, "तं थे काय घालतीन?"