नळीतला नारिंगी पट्टा

१९६६च्या फाल्गुनात पिंपळगाव राजात पाय सुजायला लागले. आधी पाय, मग धाप, आणि महिन्याभरात तीन माणसं गेली. तिन्ही घरांत तेल गावातल्या पुंजाजी तेल्याच्याच घाण्याचं होतं. कुजबुज कानावर आली तेव्हा पुंजाजी स्वतःच तेलाची बाटली घेऊन तालुक्याच्या कॉलेजात गेला. गावचा शंकरराव तिथं रसायनशास्त्र शिकवत होता.

"माह्या घरातबी हेच तेल हाये. बायकोचे, रुखमाचे पाय सुजले," पुंजाजी म्हणाला. "दोष असंन तं सांग. नसंन तं तसं लिहून दे."

शंकररावाला वाटलं, काही निघणार नाही. तो लहान असताना त्याच्या वस्तीतल्या लोकांना दुकानदार वरून, हात न लागू देता तेल ओतत. पुंजाजी मात्र भांडं हातात घेऊन भरून द्यायचा.

प्रयोगशाळेत खाली तोटी असलेली काचेची एकच लांब नळी शाबूत होती. तळाशी कापसाचा बोळा बसवून शंकररावानं तिच्यात अॅल्युमिनाची पांढरी पूड द्रावकात कालवून ओतली, बुडबुडा राहू नये म्हणून नळीला हलक्या टिचक्या मारल्या आणि तेलातून काढलेला अर्क वर सोडला. द्रावक संपलं की पूड सुकून चिरते, सगळं वाया जातं. म्हणून तो वरून द्रावक घालत दिवसभर स्टुलावर बसून राहिला. दुपारी पांढऱ्या पुडीत एक नारिंगी पट्टा सुटा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बांधावरच्या पिवळ्या धोत्र्याचं बी कुटलं आणि त्याचा अर्क तीच नळी धुऊन, पुन्हा भरून, तिच्यातून सोडला. पट्टा तसाच उतरला, त्याच उंचीवर.

"काका, मोहरीत धोत्र्याचं बी आलं होतं," तो पुंजाजीला म्हणाला. "दिसायला अगदी मोहरीसारखंच असतं. बी निवडलं कोणी?"

तीळ पिकला नव्हता म्हणून पुंजाजीनं बाहेरून मोहरी आणली होती. ती निवडली होती रुखमाबाईनं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी ती कोणाला सुपाला हात लावू देत नसे.

"तिले नको सांगू, बापा. गावाले मी सांगतो."

त्याच संध्याकाळी तो चावडीपुढे उभा राहिला. "तेल फेकून द्या. त्यात धोत्रा हाये. बी म्या निवडलं, घाई केली." बेबीताईचा नवरा गेलेल्या तिघांतला एक. ती पुढे आली आणि पुंजाजीच्या पायापाशी थुंकली. शंकरराव खिशातला कागद मुठीत दाबून उभा होता. तेलात काय आहे एवढंच त्यावर लिहिलं होतं.

रुखमाबाईला बातमी खाटेवर कळली. "तुमी काऊन म्हनता तुमी निवडलं? सूप तं माह्या हातात होतं."

"तुह्यामागून म्या न निवडलेलं दुसरं पोतं ओतलं त्यात."

ती भिंतीकडे वळली. बाराव्या दिवशी गेली. खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना, तेव्हा शंकरराव पुढे झाला.

घाणा बंद करून पुंजाजी नांदुऱ्याला गेला, स्टेशनवर कापसाच्या गाठी उचलू लागला. गावात त्याचं नाव निघालं की बायका लेकरांना आत घेत. बेबीताईला खरं सांगावं म्हणून शंकरराव दोनदा तिच्या दारापर्यंत गेला. पण सांगायचं म्हणजे मेलेल्या बाईचं नाव घ्यायचं. दोन्ही वेळा तिनं पाणी विचारलं, आणि तो पाणी पिऊन परत आला.