दसऱ्याचा फवारा

पनवेलच्या त्या छोट्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदाने जोडत. गोंद म्हणजे पाकिटावरचा नव्हे. नीट बसला तर जोडाला माणूस लोंबकळला तरी हलायचा नाही. पण नीट बसला तर! पट्टी घासायची, रसायनाने पुसायची आणि मग उघड्या बोटाने शिवायचीही नाही. हे सोवळे ओवे गावच्या भीमाबाई अकरा वर्षे पाळत होत्या. कामाच्या दिवशी केसांनासुद्धा तेल नाही.

आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर लावलेले तेराही जोड चाचणीत सुटले. गोंद मधोमध फाटला असता तर गोष्ट वेगळी. इथे तो पट्टीवरून अलगद सोलून आला होता. म्हणजे पट्टीच अस्वच्छ. मालक सगळ्यांसमोर कडाडले, "पुसणाऱ्या बाईंना उद्यापासून घरी बसवा. संध्याकाळपर्यंत लेखी द्या."

सुपरवायझर कृष्णकांतांनी भीमाबाईंना विचारले, "हात तरी धुतले होतेत का?"

"धुतलं हुतं. मोजं पन घातलं हुतं. माजी चूक नाय, सायेब."

म्हातारी माणसे चूक म्हणून कबूल करायची नाहीत! कृष्णकांत चरफडत लिहायला बसले. पेनासाठी खण उघडला, तर समोर सिलिकॉनच्या फवाऱ्याचा रिकामा डबा.

त्यांनी तो उचलला. पूजेआधी पट्ट्या दाबून धरणारे शिकंजे चकाकावेत म्हणून त्यांनीच हौसेने तो मारला होता, आणि पुसलेल्या पट्ट्या शेजारीच रचलेल्या होत्या. सिलिकॉन गोंदाचा वैरी, हे सगळ्यांना तेच तर शिकवत! डबा कचऱ्यात टाकला की प्रश्न मिटत होता. पण फवारा मारताना झेंडूचे हार घेऊन शेजारी भीमाबाई उभ्या होत्या.

ते तडक त्यांच्याकडे गेले. "तुम्ही पाहिलं होतंत. मग मालकांपुढे गप्प का बसलात?"

"तवा मना बी कललं नाय. जोड सुटलं तवा कललं," भीमाबाई म्हणाल्या. "पन तुमी मनापासून पूजा केलीत. चार मान्सांत तुमचं नाव कसं घेऊ? तुमीच सांगाल म्हनून थांबले."

कृष्णकांतांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते मालकांच्या केबिनकडे वळले. दारात पाय अडखळला, पण मागे भीमाबाई उभ्या होत्या.

"साहेब," ते म्हणाले, "बाईंनी पट्ट्या चोख पुसल्या होत्या. घाण मी केली."