डाव्या गालावरचा डाग

ऑलीटा स्टिल्टनर शवपेटीत फार छान दिसत होती, पण काहीतरी चुकलं होतं.

काय चुकलंय ते तिच्या मुलीला, ट्वायलाला, उमगेना. तिने फोटो तपासतात तशी नजर फिरवली. आधी चार कोपरे, मग कडा, मग मधला भाग. केसांचा भांग बरोबर होता. फुलाफुलांचा ब्लाऊज तिनेच आणून दिलेला. लिपस्टिक थोडी जास्त होती, पण आईला ती चालली असती. चार आठवडे ऑक्सिजनच्या मास्कखाली सुजलेला, पट्ट्यांनी काचलेला चेहरा आता गुळगुळीत झाला होता. अगदी फोटोत होता तसा.

"काय काम केलंय लोवेलनं," तिचा धाकटा भाऊ डेन्झिल म्हणाला. तो काल ओहायोहून आठ तास गाडी चालवत आला होता. "तीस वर्षांनी तरुण केलीय म्हातारीला. म्हणाली असती, मेल्यावर सुचलं होय रे तुम्हाला!"

ट्वायला हसली नाही. साडेबारा वाजले होते. दोन वाजता लोवेल आपल्या अंत्यविधीगृहाचं दार उघडणार आणि सगळं गाव रांगेने येऊन ऑलीटाला शेवटचं बघून जाणार. आईबरोबर कोळशाच्या खाणीत उतरलेले जे कोणी उरले होते, ते सगळ्यात आधी येणार. उद्या दफन.

मंगळवारी आई गेली, त्याच दुपारी लोवेलचा फोन आला होता. त्याच्या घराण्यात हा अंत्यविधीचा धंदा तीन पिढ्यांचा. ट्वायला आणि तो शाळेत एका बाकावर बसलेले. "चांगल्या दिवसांतला एक फोटो दे," तो म्हणाला होता. "आजारपणातला नको. मी चेहरा फोटोबरहुकूम करतो, तुला माहीत आहे."

माहीत होतं. गावातले असे निम्मे फोटो ट्वायलाच नीट करून द्यायची. बंद पडलेल्या बँकेशेजारी तिचं दुकान होतं. फाटलेले, जळलेले, बुरशी आलेले फोटो लोक तिच्याकडे आणत. चार वर्षांपूर्वी ओढा गावात शिरला, तेव्हा माणसं आपले आल्बम बादल्यांतून आणि उशांच्या अभ्र्यांतून घेऊन आली होती. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटतात. बुरशी धरायच्या आत ते गोठवायचे आणि सवडीने थंड पाण्यात सोडवायचे. आईचा आल्बमही तिने तसाच पिशवीत बांधून दुकानातल्या फ्रीझरमध्ये ठेवला आणि गिऱ्हाइकांची कामं करत राहिली. घरचंच काम, ते कुठे पळून जातंय?

आई अधूनमधून विचारायची. "काय गं, मी अजून थंडीतच का?"

"पुढच्या महिन्यात नक्की, आई."

"स्वेटर तरी चढव मला."

बुधवारी ट्वायलाने तो गठ्ठा बाहेर काढला. तेवीस फोटो सुटे झाले, बाकीच्यांचा चिखल. तेवीसांत आई समोर बघतेय असा एकच. पोर्चवरच्या घडीच्या खुर्चीत बसलेली, मांडीवर खाणीत न्यायचा बादलीसारखा पत्र्याचा डबा, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. पाण्याने रंग फुटले होते. निळे, जांभळे, किरमिजी ठिपके चेहराभर पसरले होते.

दोन दिवस ती संगणकाच्या पडद्यासमोर बसली. तिने चेहरा इतका मोठा केला की तो चेहरा उरलाच नाही, नांगरलेलं रान झालं. डाग दिसला की क्लिक. पुढचा डाग, क्लिक. हाताला काम होतं तोवर रडू येत नव्हतं, म्हणून ती उठलीच नाही. गुरुवारी तिने फोटो लोवेलला पाठवला. छापखान्यातही पाठवला. लोकांना आठवण म्हणून द्यायची दोनशे कार्डं छापून आली, आणि एक मोठी प्रत दारापाशी तिवईवर उभी राहिली.

आता ती पेटीवर वाकली. भांग, कपाळ, डोळे, उजवा गाल, डावा गाल.

डाव्या गालावर काहीच नव्हतं.

तिने पेटीची कड घट्ट धरली.

"काय झालं?" डेन्झिलने विचारलं.

"तिचा निळा कुठंय?"

चाळीस वर्षांपूर्वी खाणीत छताचा एक दगड सुटला आणि ऑलीटाच्या गालाला चाटून गेला. जखम भरली, पण कोळशाची धूळ आत राहिली. डोळ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी निळी खूण कायमची बसली. या खोऱ्यात अशी खूण कुणाच्या कपाळावर, कुणाच्या हनुवटीवर असतेच. पण त्या साऱ्या पुरुषांच्या. ब्लूफील्डच्या मॉलमध्ये पावडर-लाली विकणारी एक मुलगी एकदा आईला म्हणाली होती, "मॅडम, हे झाकून देऊ? कळणारसुद्धा नाही." आई म्हणाली, "बाई, कंपनीनं आयुष्यात मला फुकट दिलेली ही एकच वस्तू आहे. ती लपवू होय?"

ट्वायलाने फोन काढला. त्यात मूळ फोटो होता, साफ करण्याआधीचा. तिने डावा गाल मोठा केला. ठिपक्यांच्या गर्दीत एक ठिपका होता. पाण्याचा डाग कडेला विरघळत जातो. जे मुळात फोटोत असतं त्याला कड असते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची. या ठिपक्याला कड होती. स्वच्छ, दाण्यासारखी. दोन दिवसांत तिने बाराशेच्या वर डाग काढले होते. त्यातला एक आई होती, आणि तो काढताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

"लोवेल!" तिने हाक मारली. या घरात कुणी इतक्या मोठ्याने बोलत नसे.

लोवेल आतून आला. हातात फुलदाणी होती. ट्वायलाचा चेहरा बघून त्याने ती खाली ठेवली.

"तू तिची खूण झाकलीस."

"हो." तो गोंधळला. "फोटोत नव्हती ना."

"तुला माहीत नव्हती? लहानपणापासून आमच्या घरात जेवलायस तू!"

"माहीत होती." त्याचा आवाज खाली आला. "खाणीतल्या माणसाच्या निळ्याला रंग लावायचा नाही, हे आजोबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. लावला तर त्याची माणसं त्याला ओळखत नाहीत, म्हणायचे. आजवर एकाला लावला नाही."

"मग आईलाच का?"

"तू पाठवलेला फोटो होता, ट्वायला. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर विचारलं असतं. मी म्हटलं, हिच्या नजरेतून टाचणी सुटत नाही. हिनं काढलाय म्हणजे काढायचाच असेल. बाईमाणूस, शेवटी नको वाटला असेल. फोन उचलला होता मी. मग म्हटलं, दुःखात आहे, कशाला नको ते विचारायचं."

त्याच्यावर ओरडायला काही उरलंच नव्हतं.

"पूस तो रंग," शेवटी ती म्हणाली.

लोवेलने मान हलवली. "नुसता तेवढा ठिपकाच वर येणार नाही. मास्कची खूण त्याच्या अगदी शेजारून गेलीय. थर काढला की तीही दिसणार. आणि ती कातडी पुन्हा रंग धरेल असा भरवसा नाही. एकदा पुसलं की पुसलं."

"राहू दे गं," डेन्झिल म्हणाला. "चार आठवडे तिनं श्वासासाठी काय काय भोगलं, ते गावाला दाखवायचंय का तुला? एका ठिपक्यासाठी?"

"तुला दिसलं होतं? आल्या आल्या?"

"काय?"

"की तो नाहीये."

डेन्झिलने पेटीकडे पाहिलं, मग बुटांकडे. "मला वाटलं, बरी दिसतेय," तो म्हणाला. जरा वेळाने नाक पुसत म्हणाला, "नाही. नाही दिसलं."

"मलापण नाही."

एक वाजला होता. लोवेल आतून एक बाटली आणि कापसाचे बोळे लावलेल्या काड्या घेऊन आला. तो वाकणार एवढ्यात ट्वायलाने त्याचा हात धरला. "मी करते."

बोळा घासायचा नाही, फिरवायचा. एकदा फिरवला की टाकायचा, नवा घ्यायचा. पंचवीस वर्षं तिचे हात हेच करत आले होते. तिने डोळ्याखाली, गालाच्या मध्यावर बोळा टेकवला.

आई थंड होती.

ट्वायलाने बोळा खाली ठेवला. थोडी थांबली. मग दुसरा घेतला.

पहिल्या थराखालून मास्कच्या पट्टीची खूण वर आली. तपकिरी, जखमेसारखी, नाकापासून कानाकडे गेलेली. डेन्झिल खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. चौथा बोळा, पाचवा. त्यांच्यावर त्वचेचा रंग उतरत होता, पण निळं काही दिसेना. सहावा. सातवा. ती खाली सरकली, मग कानाकडे. कुठे होता तो? अर्धं शतक ती या चेहऱ्यासमोर बसून जेवली होती. खाणीत उतरताना आई डब्यात पेपरोनी रोल भरायची, त्यातला एक ट्वायलासाठी ओट्यावर ठेवायची आणि जाताना वाकून गाल पुढे करायची. त्याच गालाची तिने पापी घेतली होती, शेकडो वेळा. आता तिला जागा सापडत नव्हती. फोनमधल्या फोटोशी ताडावं, तर आजारपणात सुजून बदललेल्या या गालावर ती जुळत नव्हती.

"ट्वायला, बास," लोवेल हळूच म्हणाला. "फार पसरतंय."

"इथंच आहे."

"पावणेदोन झाले. बाहेर गाड्या लागायला लागल्या."

"इथंच आहे रे, कुठं जाणार?"

गालाचा निम्मा भाग उघडा पडला होता. पिवळट, सुरकुतलेला, मास्कने काचलेला. आणि खूण नव्हती. तिच्या मनात आलं, आपण ती खरोखरच घालवली. फोटोतून, आणि मग कुठूनतरी चेहऱ्यावरूनसुद्धा. हा विचार वेडेपणाचा आहे हे तिला कळत होतं. तिने मनगट पेटीच्या कडेवर टेकवलं आणि बोळा वर नेला. ती समजत होती त्याच्या बोटभर वर, खालच्या पापणीच्या अगदी जवळ.

एकदा फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला. काहीतरी राखाडी दिसलं. तिसऱ्यांदा त्याला कड आली.

लोवेलने श्वास सोडला. ट्वायला बोळा हातात धरून तशीच वाकून राहिली. आता तो चेहरा छान दिसत नव्हता. एक बाजू तरुण आणि एक बाजू मेलेली. पण आई होती.

"पट्टीच्या कडा जेवढ्या बसवता येतील तेवढ्या बसवतो," लोवेल म्हणाला. "पाच मिनिटं दे. खुणेला हात लावत नाही."

दोन वाजता दार उघडलं. सगळ्यात पुढे हॉबर्ट होता. आईच्या तुकडीतला, आता ऐंशीचा. नाकात ऑक्सिजनची नळी आणि मागे चाकांवरची टाकी. त्याच्या कपाळावर तीन निळे ठिपके होते. तो थेट पेटीपाशी गेला आणि बराच वेळ उभा राहिला. त्याने मास्कची खूण पाहिली, तोंडाने कसलासा आवाज काढला आणि मान हलवली. ते दुखणं त्याच्या ओळखीचं होतं.

"घाई केलीस, पोरी," तो आईला म्हणाला. "सीनियर मी होतो."

मग तो वळला. टाकी ओढत दारापाशी आला आणि टेबलावरच्या चवडीतलं एक कार्ड उचललं. चष्मा वर केला. कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, मग तिवईवरच्या मोठ्या फोटोकडे पाहिलं.

"ही कोण बाई?"

मागची रांग थांबली. ट्वायला शेजारीच उभी होती. "आईच आहे, हॉबर्टकाका."

"ही ऑलीटा? अकरा वर्षं माझ्या शेजारी उकिडवी बसून जिनं कोळसा काढला, ती ही नव्हे."

"मी खूण पुसली," ट्वायला म्हणाली. "फोटो साफ करताना. पाण्याचा डाग समजून."

हॉबर्ट बघत राहिला. नळीतून हवा येण्याचा बारीक आवाज तेवढा ऐकू येत होता. तो 'असू दे, होतं असं' म्हणेल अशी तिला आशा वाटली, आणि तशी आशा वाटल्याची लाजही वाटली.

"मीच धुतली होती ती जखम," हॉबर्ट म्हणाला. "खाली, अंधारात. पाणी संपलं होतं म्हणून थर्मासमधल्या गार कॉफीनं. ही ओरडतेय, शिव्या देतेय, आणि मी पुसतोय. म्हटलं, बाईमाणसाच्या तोंडावर निळा राहायला नको. हात दुखेस्तोवर पुसलं. नाही निघाला."

"माझ्याकडून निघाला," ट्वायला म्हणाली.

टेबलावर लोकांनी नावं लिहायची वही होती, तिला दोरीने बांधलेलं पेन होतं. हॉबर्टने ते उचललं आणि आपल्या हातातल्या कार्डासकट तिच्यापुढे धरलं.

तिने कार्ड टेबलावर ठेवलं. खालच्या पापणीच्या अगदी जवळ, तांदळाच्या दाण्याएवढा, असा एक निळा ठिपका दिला. शाई ओली होती, ती वाळेपर्यंत तिने फुंकर घातली. हॉबर्टने कार्ड डोळ्यांपाशी नेलं, मग शर्टाच्या खिशात ठेवलं आणि टाकी ओढत खुर्च्यांकडे गेला.

त्याच्या मागच्या माणसाने कार्ड उचललं नाही. टोपी हातात घेऊन तो टेबलाशी थांबला. ट्वायलाने चवड स्वतःकडे ओढली आणि वरचं कार्ड घेतलं.