दोन चित्रांमधले नऊ सेकंद

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मला दोन भिंगे आहेत. सध्या मी सुकापूरच्या एका सोसायटीत, मीटरच्या खोलीतल्या वायरींच्या भेंडोळ्यावर पडून असतो.

२०१४ साली मला फाटकाच्या खांबावर बसवले. एक डोळा फाटकाकडे होता, दुसरा सेक्रेटरी कमळाकररावांच्या मोटारीकडे. दोघांनी पाहिलेले एकाच तारेतून कार्यालयातल्या रेकॉर्डरकडे जाई. पहिला आठवडाभर रहिवाशांनी कौतुक केले. मग कोणी वर पाहीनासे झाले.

एक दमयंती तेवढी बोले. ती उरणकडची कोळीण. सकाळी मासळीची पाटी घेऊन फाटकाशी बसे.

"काय रं दोन डोल्यांच्या, माझी पापलेटं मोजतोस का?"

वॉचमन काशिराम हसे. मला ऐकू येई, पण आवाज नोंदवायची सोय सोसायटीने बंद ठेवली होती.

२०१६ सालची एक सकाळ. काशिराम पाण्याचा पंप लावायला गेला होता. एक टेम्पो बाहेर पडताना फाटकाजवळच्या पाहुण्यांच्या गाडीचा आरसा घासून निघून गेला. आरसा निखळला. तो पडू नये म्हणून दमयंतीने उठून हातात धरला. मी हे सगळे पाहिले. पण शाळेची बस आली का, हे बघायला त्या वेळी घरोघरी मोबाइलवर माझेच चित्र उघडलेले असे. तेही त्याच तारेतून जाई. तार तुंबली. रेकॉर्डरकडे पोचलेल्या एका चित्रात आरसा जागेवर होता. पुढच्या चित्रात तो दमयंतीच्या हातात होता. ती चित्रे पाहून कमळाकररावांनी फाटकाशी येऊन तिला जाब विचारला.

"टेम्पो लागला, सायेब. पडाय लागला म्हून मी धरला."

"मग टेम्पो दिसत का नाही?" कमळाकररावांनी विचारले.

दमयंतीने वर पाहिले. "तूच सांग रं."

मला सांगता आले नाही. तिचे फाटकावर बसणे बंद झाले. तिची निम्मी विक्री याच फाटकावर होत असे.

चित्र अडकते म्हणून पंधरा दिवसांनी प्रणित नावाचा दुरुस्तीवाला आला. त्याने तारेची टोके बदलली, मग तारच बदलली. फरक पडला नाही. शेवटी त्याने संगणकावर माझे सेटिंग उघडले. मोटारीकडच्या डोळ्याला सेकंदाला पंचवीस चित्रे होती, फाटकाकडच्याला दोन.

"उभ्या गाडीला पंचवीस कशाला, साहेब? ती काय नाचतेय?"

"मीच सांगितलं होतं," कमळाकरराव म्हणाले.

"तारेत मावेल तेवढंच जाणार. गर्दी झाली की फाटकाची दोनसुद्धा पोचत नाहीत."

कमळाकररावांनी त्याला त्या सकाळची नोंद काढायला लावली. प्रणितने दोन्ही चित्रांवरची वेळ वाचली. "मधले नऊ सेकंद नाहीत. तेवढ्यात टेम्पो येऊन जाईल."

काशिराम दुसऱ्या दिवशी दमयंतीला घेऊन आला.

"चूक आमची झाली," कमळाकरराव म्हणाले. "उद्यापासून बसा."

"बसन. पण हिथं नाय, रस्त्याच्या पल्याड. हिथं हा बघतो."

तेव्हापासून ती माझ्या नजरेबाहेर बसू लागली. प्रणितने फाटकाला सेकंदाला पंधरा चित्रे दिली होती. त्यांत तिची रिकामी जागा अगदी स्पष्ट दिसे.

मित्रांनो, आमच्या तारा तपासत जा, आमची भिंगे पुसत जा. पण आमच्या चित्रावरून कोणाला दोषी ठरवण्याआधी त्यावरची वेळ वाचा, आणि त्या माणसाचे ऐकून घ्या.

२०१८ साली माझ्या जागी नवा कॅमेरा आला. खाली काढताना माझे तोंड रस्त्याकडे वळले. पलीकडे दमयंती मासळी कापत होती. तिने मान वर केली का, हे दिसण्याआधी प्रणितने तार काढली.