बाबांची उंची एकशे साठ

"मॅडम, रिपोर्ट नॉर्मल असेल तर माणूस दोन जिने चढताना तीनदा का थांबतो?"

शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मागच्या बाकावर खसखस पिकली. पूर्वीची मी मटकन खाली बसले असते. आताची मी उभीच राहिले.

"कोणाचा रिपोर्ट?"

"बाबांचा. फरशी कापायच्या कारखान्यात आहेत. तिथेच दरवर्षी नळीत फुंकायला लावतात."

"फुंकलेली हवा तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच उंचीच्या निरोगी माणसाशी ताडून बघतात," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस जितका उंच, तितकी जास्त हवा अपेक्षित. त्यावरून टक्के निघतात. ऐंशीच्या वर असले तर सहसा ठीक. पण कागदाच्या वरच्या ओळीही वाच."

घरी येऊन फाइल उघडली. पहिल्या वर्षी ३.२ लिटर, ८२ टक्के. दुसऱ्या वर्षी २.९ लिटर, ९७ टक्के. यंदा २.७ लिटर, ९० टक्के. हवा कमी झाली आणि टक्के वाढले? पाणी कुठेतरी मुरत होतं.

वरच्या ओळी वाचल्या. उंची १७८. मग १६०. पुन्हा १६०.

आमचे बाबा स्टुलाशिवाय बल्ब बदलतात. शेजारी त्यांना 'शिडी' म्हणतात. एकशे साठ ही तर आईची उंची! मालकाला खूश ठेवायला कारखान्यात फुंकायला लावणाऱ्या मशीनवाल्या काकांनीच हे केलं असणार, मी मनात खूणगाठ बांधली.

संध्याकाळी बाबा आले, दाराची चौकट धरून थांबले. मी आईची शिवणाची टेप घेऊन पुढे.

"भिंतीला टेकून उभे राहा."

"कोट शिवतेस की काय मला?"

"असू दे गं, दमलेत ते," आई जरा जास्तच घाईने म्हणाली.

टेप म्हणाली, एकशे अठ्ठ्याहत्तर.

"बाबा, ते काका उंची मोजतात?"

"विचारतात," बाबा म्हणाले आणि जीभ चावली.

काकांवरचा संशय तिथल्या तिथे उतरला. तो ज्यांच्यावर जाऊन बसला ते माझ्यासमोर भिंतीला टेकून उभे होते.

"एकदा चुकून लिहिली गेली," ते हळूच म्हणाले. "आकडा चांगला आला. मग मीच तेवढी सांगत गेलो. माझ्या कामावरच्या जोडीदाराचा आकडा खाली आला, तर त्याला घरी बसवला."

"आई, तुला माहीत होतं?"

आईने सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा होताच.

पहिल्या कागदावर बाबांच्या उंचीला अपेक्षित हवा होती ३.९. मी यंदाच्या २.७ ला त्या ३.९ ने भागलं. एकोणसत्तर टक्के. कागद दोघांसमोर धरला.

"सोमवारी मी शाळेत जाणार नाही. बाबांना घेऊन छातीच्या दवाखान्यात जाणार आहे. फुंकायचं बाबांनी. उंची मी सांगणार."