बिनवरवंट्याचा पाटा

आईने दुकानातलं घंगाळ उलटं केलं, बुडावर दोन टिचक्या मारल्या आणि कान देऊन आवाज ऐकला. मग समाधानाने मान हलवून ती शेजारच्या तांब्याच्या बंबाकडे वळली. निकिता दाराशीच उभी होती. गंगापूर रोडवरच्या या जुन्या वस्तूंच्या दुकानात दोघी आत्ता कुठे शिरल्या होत्या आणि एवढ्यात आईने निम्मं दुकान हाताळून पाहिलं होतं. दुकानाचा मालक आल्हाद, केसांची शेंडी बांधलेला तरुण, गल्ल्यामागून हे सगळं बघत होता. त्याला ते आवडतंय की नाही याचा निकिताला अंदाज येईना.

"निके, हा बग, आपल्याकडं असाच होता," आई म्हणाली.

हळू बोलणं आईला जमत नसे. या बांधावरून त्या बांधाला हाका मारण्यात तिचा जन्म गेला होता. तो आवाज ऐकून दुकानात आलेली एक बाई जवळ आली. चांगल्या घरातली दिसत होती. नव्या बंगल्यासाठी काहीतरी शोधत होती आणि आईचा एकूण वावर पाहून तिने आईलाच दुकानातलं माणूस समजून विचारलं, की हे नेमकं काय आहे.

एवढं निमित्त आईला पुरलं. बंबात पाणी कुठून ओततात, विस्तव कुठे टाकतात, नळी कशी साफ करतात, सगळं साग्रसंगीत झालं. त्यावर बंबाच्या पाण्याने अंग कसं हलकं होतं आणि म्हातारपणी गुडघे कसे कुरकुरत नाहीत, हेही तिने ठोकून दिलं. निकिताने तोंड फिरवून ओढणी ओठांवर धरली. बाईंनी घासाघीस न करता बंब घेतला. आल्हादने दोघींसाठी चहा मागवला, आणि आईला खुर्ची देऊन वर पुन्हा यायचं आमंत्रणही दिलं.

बाहेर आल्यावर निकिताला हसू आवरेना. त्या बंबाला तू उठता-बसता शिव्या घालायचीस, अशी तिने आईला आठवण करून दिली.

"मग? सगळं घर धुरानं भरायचं," आई शांतपणे म्हणाली. "तिला कुठं जळण येचायचंय. शोभेला ठेवील ती. नांदू दे की बिचाऱ्याला चांगल्या घरात."

आज निकिताने अंबडच्या कंपनीतून रजा टाकली होती ती याच हसण्यासाठी. म्हणजे स्वतःला तरी ती तसंच सांगत होती. खरं कारण तिच्या पोटात होतं आणि ते तिने पोटातच ठेवायचं ठरवलं होतं. वडील गेल्यापासून आई गावी देवळ्याच्या घरात एकटी राहत होती. निकिता एकुलती एक. तिने शहरात पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला तेव्हा एक खोली आईची म्हणून ठेवली, तिथे पलंग टाकला, पंखा लावला. पण आई आली की हॉलमध्ये सतरंजी अंथरायची आणि पिशवी उशाशी घेऊन झोपायची, पाहुणीसारखी. इथेच राहा म्हटलं की उत्तर ठरलेलं असे: कांदे निघू दे, मग बघू. कांदे निघत होते, चाळीत जात होते, चाळीतून बाजारात जात होते आणि आई देवळ्यातच होती. दिवाळीत निकिताने जरा जोर लावला, तर सण उरकताच आईने पहाटेची एस.टी. पकडली. म्हणून या खेपेला त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही, असं निकिताने मनाशी पक्कं केलं होतं. तिला फक्त एवढंच वाटत होतं की आईने त्या घरासाठी स्वतःच्या मनाने एक तरी वस्तू घ्यावी. साधा चमचा घेतला तरी चाललं असतं.

वाटेत दोघींनी मिसळ खाल्ली. आईने तर्री दोनदा मागून घेतली, नाक पुसत पुसत खाल्ली आणि घरी आपण यापेक्षा बरी करतो असा निकालही दिला. मग त्या नदीकाठी, गंगेवर, बुधवारच्या बाजारात उतरल्या.

तिथे आईला पंख फुटले. भाज्यांची, मसाल्यांची, कपड्यांची दुकानं तिने बाजूला सारली आणि थेट जुन्या सामानाच्या रांगेत घुसली. गोणपाटांवर सगळ्या जगाचा संसार मांडला होता. बिनकाट्याची घड्याळं, कंदील, अडकित्ते, तराजूची पारडी, कुणाच्या तरी लग्नातले नावं घातलेले तांबे. आई प्रत्येक तांब्यावरचं नाव मोठ्याने वाचायची आणि त्या बाईचं सासर कसं असेल याचा अंदाज बांधायची. भागीबाई नावाची एक बाई तिच्या मते फार सोसलेली होती, कारण तिच्या तांब्याला पोचे फार होते. निकिता हसत होती आणि हसता हसता आईच्या हाताकडे लक्ष ठेवून होती. आईने एक सांडशी घेतली. ती पिशवीत गेली. मग एक पुरणाची चाळणी घेतली. तीही पिशवीत. देवळ्याला जाणाऱ्या पिशवीत, हे निकिताला न विचारताच कळलं.

रांगेच्या टोकाला कलाबाईंचं दुकान होतं. ठसठशीत कुंकू लावलेल्या कलाबाई खलबत्ते आणि जात्याच्या पाळ्या मांडून बसल्या होत्या. आई तिथे थांबली ती थांबलीच. कडेला एक काळा पाटा भिंतीला टेकवून ठेवला होता. तिने तो आडवा करायला लावला. त्यावर पाणी शिंपडून तळवा फिरवला, कडांना बोटं लावून चीर आहे का ते पाहिलं. 

"टाकी बुजलीया," छिन्नीचे टाचे झिजून सपाट झालेल्या दगडावरून बोट फिरवत ती शेवटी म्हणाली.

"लावून देते ना ताई. आमच्या मालकाचा हात लय चांगला हाय," कलाबाई म्हणाल्या. "वरवंटा नाय बगा मातर याला. असाच आला माज्याकडं."

"वरवंटा नको मला."

भावावरून दोघींची यथासांग लढाई झाली, दोन वेळा आई उठून निघाली, दोन वेळा कलाबाईंनी बोलावलं आणि शेवटी दोघीही जिंकल्यासारख्या हसल्या. कलाबाईंचा नवरा छिन्नी घेऊन टाकी लावायला बसला. इकडे निकिता मनात हिशेब मांडत होती. एवढं वजन एस.टी.त चढत नाही. हा दगड पाथर्डी फाट्याला जाणार, आपल्या स्वयंपाकघरात. तिला एकदम लहान मुलीसारखा आनंद झाला. आणि वरवंट्यावाचून आईचं अडायला नको म्हणून ती कुणाला न सांगता रांगेतून उलटी पळाली, दोन-तीन दुकानं धुंडाळून एक गुळगुळीत वरवंटा विकत घेतला आणि तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून घेऊन आली.

आईने तो पाहिला आणि तिचा चेहराच बदलला.

"परत दे जा तो."

"अगं, पण याच्याशिवाय वाटणार कशाने?"

"पाटा माय असती आन् वरवंटा तिचं लेकरू. दुसरीचं लेकरू उचलून आनू नये. एवढं बी नाय शिकवलं का मी तुला?"

निकिताने तो परत केला. दुकानदाराने कुरकुर केली, पण घेतला.  परत येताना तिला बंब घेणारी बाई आठवली. बिनवरवंट्याचा पाटा म्हणजे नुसती शोभाच. लेकीच्या नव्या घराला जुनं काहीतरी शोभेल, गॅलरीत त्यावर एखादी कुंडी बसेल, म्हणून आईने तो घेतला असणार. घेतला तो निकितासाठी, स्वतःसाठी नव्हे. रिक्षात पाटा दोघींच्या पायांशी ठेवला होता. आई खुशीत बाहेर बघत होती. निकिताने विषय काढला नाही. ठरवलं होतं ना.

सोसायटीच्या वॉचमनने पाटा वर आणून दिला. आईने गॅलरीकडे पाहिलंही नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, फ्रीज आणि ओट्याच्या मधली जागा फडक्याने पुसून घेतली आणि पाटा तिथे ठेवायला लावला. तो धुतला, कोरडा केला, हळदीकुंकवाची बोटं ओढली. मग पदर खोचून पाट्यासमोर एक पाय मुडपून बसली आणि हात पुढेमागे करून बघू लागली, जागा पुरते का ते.

निकिताला राहवलं नाही. "आई, वरवंटा?"

"हाय की घरी. पाटा फुटला गवंड्याच्या हातनं, पर वरवंटा सांबाळलाय मी. तुज्या बारशाला पाळन्यात आदी त्याला निजवला, मंग तुला." आईने ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडून मिटून पाहिलं, गुडघ्याला लागत नव्हतं. "त्याला बिनवरवंट्याचा पाटा गावावा म्हनून तर सकाळधरनं हिंडतेय. बंबाच्या दुकानात कशाला गेले असते मी?"

निकिता ओट्याला टेकून उभी राहिली.

"शेजारचा बहिरूभाऊ येतोय ऐतवारी कांद्याची गाडी घेऊन," आई पाट्याची कड चाचपत म्हणाली. "त्याला म्हनलं, वरवंटा आन, आन् माजी ट्रंक बी. घर त्योच बगनारे आता."

"केव्हा सांगितलंस त्याला?"

"देवळ्यातनं निगायच्या आदी."

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. निकिताने डोळे पुसले, ओढणी खांद्यावरून खाली ओढली आणि आईच्या खोलीत जाऊन पलंग भिंतीकडे सरकवायला लागली. तिथूनच तिने विचारलं, "ट्रंक केवढी आहे गं?"